तिला काय येत नाही, ते लिहा

माझी मुलगी दहा वर्षांची असताना माझी गुवाहाटीला बदली झाल्याचं पत्र आलं. मी एका सरकारी विमा कंपनीत दावे तपासण्याच्या विभागात अधिकारी आहे, आणि आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी असं पत्र येतंच. नागपूरहून कोलकात्याला आलो तेव्हाही आलं होतं. त्या वेळी मी काही बोललो नव्हतो. मुलीला ऑटिझम आहे हे ती साडेतीन वर्षांची असतानाच कळलं होतं आणि कोलकाता मोठं शहर आहे, तिथे काहीतरी चांगली सोय असेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं.

या वेळी पत्र टेबलावर ठेवलं तर बायकोनं ते उचललंसुद्धा नाही. उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, "आपण नाही जायचं."

"नाही कसं म्हणणार?"

"तोंडानं म्हणायचं. नाही म्हणून."

ती इतक्या ठामपणे का म्हणाली हे कळायला आमचं कोलकात्यातलं पहिलं वर्ष सांगावं लागेल. मला ते सांगायला आवडत नाही.

आल्या आल्या आम्ही एका नावाजलेल्या क्लिनिकमध्ये गेलो होतो. तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, घरात कोणती भाषा? मराठी, मी म्हणालो. शेजारी? बंगाली. कामवाल्या मावशी? बंगाली. लिफ्टमध्ये, दुकानात? हिंदी. बाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या भाषांत हिचा गोंधळ होणारच. आधी मराठी बंद करा. या शहरात तिला मराठीचा उपयोग काय? हिंदी, फक्त हिंदी."

आम्ही ऐकलं. आजही मला त्या बाईंपेक्षा स्वतःचाच जास्त राग येतो, कारण मी एक प्रश्नही विचारला नाही. कार्यालयात मी लोकांच्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागतो. तिथे मात्र मान डोलावून बाहेर आलो.

तेव्हा मुलीला मोजकेच शब्द येत होते, पण ते सगळे मराठी होते. पाणी दे. नको. आई ये. आणि 'संपलं'. 'संपलं' हा तिचा सगळ्यात लाडका शब्द होता. ताटातला भात खाऊन झाला की संपलं, आंघोळ झाली की संपलं, लिफ्ट तळमजल्याला पोचून थांबली की संपलं. बायको कोल्हापूरची, तिचं हिंदी सिनेमा बघून शिकलेलं. आम्ही दोघं आपल्याच घरात पाहुण्यांसारखे बोलायला लागलो. 'दूध पियो', 'जूते पहनो', 'खतम हो गया'. फोनवर माझी आईसुद्धा नातीशी हिंदीत बोलायची आणि दोन वाक्यांनंतर फोन माझ्याकडे द्यायची.

दोन महिन्यांत मुलगी 'संपलं' म्हणायची बंद झाली. 'खतम' तिनं कधीच म्हटलं नाही. चौथ्या महिन्यात ती स्वतःचं मनगट चावायला लागली. बाई म्हणाल्या, ही एक फेज आहे, तुम्ही सातत्य ठेवा. आम्ही आठ महिने सातत्य ठेवलं. आठ महिने मी माझ्या लेकीशी माझ्या भाषेत बोललो नाही, आणि ती कुणाशीच कुठल्याच भाषेत बोलली नाही.

दीदी भेटल्या त्यानंतर. कोलकात्याच्या बेहाला भागात आम्ही राहतो तिथून दोन गल्ल्या सोडून एका जुन्या घराच्या तळमजल्यावर त्यांचं विशेष मुलांसाठीचं केंद्र आहे. दोन खोल्या, एक लोखंडी जाळीचा व्हरांडा आणि सात मुलं. दीदी पन्नाशीच्या. रोज सकाळी बजबजहून लोकलनं येतात, तिथून पुढे बस पकडतात. पहिल्या दिवशी त्यांनी मुलीला काहीच विचारलं नाही. ती व्हरांड्याच्या जाळीवर बोट फिरवत होती, तर त्याही शेजारी उभ्या राहून बोट फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "घरात काय बोलता?"

"हिंदी."

"तुम्ही हिंदीवाले तर वाटत नाही."

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी जाळीवरचं बोट काढलं. मग म्हणाल्या, "दादा, तिला जेवण कोण भरवतं? अंगावर पांघरूण कोण घालतं? ती माणसं ज्या भाषेत विचार करतात ती भाषा तुम्ही तिच्याकडून काढून घेतलीत. उद्यापासून मराठी. मला जे येत नाही ते मी शिकते."

आणि त्या खरंच शिकल्या. एक वही केली आणि त्यात बंगाली अक्षरांत आमचे शब्द लिहून घेतले. पाणी, नको, ये, बस, झालं, दुखतंय का. 'संपलं' त्यांच्या तोंडून 'शोंपलं' व्हायचं. पहिल्यांदा त्या तसं म्हणाल्या तेव्हा मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग खुदकन हसली. चार दिवसांनी घरी, वाटीतलं वरण संपल्यावर, ती स्पष्ट म्हणाली, "संपलं." बायको ओट्याशी उभी होती. तिनं पळीभर वरण पुन्हा वाटीत घातलं, परत ऐकायला मिळावं म्हणून.

दीदींनी पुढच्या तीन वर्षांत जे केलं त्यात चमत्कार काहीच नव्हता. कापडाच्या एका पट्टीवर दिवसाची चित्रं एकाखाली एक चिकटवायची, एक काम झालं की ते चित्र काढून पिशवीत टाकायचं. आवाज सहन होत नसेल तर हात पुढे करायचा, मग हेडफोन मिळेल. ऑटोत बसायचं ते रोज डाव्या बाजूला. दुर्गापूजेच्या दिवसांत आमच्या खिडकीखालीच मांडव असतो, ढाक म्हणजे मोठा ढोल वाजतो. तेव्हा कोणत्या वेळी घराबाहेर पडायचं आणि कोणत्या खोलीत झोपायचं, हेसुद्धा त्यांनी आमच्याबरोबर बसून ठरवलं. अशी छोटी छोटी कामं. पण त्यामुळे माझी मुलगी स्वतः बूट घालायला लागली, डोकं दुखलं तर सांगायला लागली, मनगट चावायची थांबली.

म्हणून बायको म्हणाली, नाही जायचं. गुवाहाटीत दुसऱ्या दीदी कुठून आणणार?

नियम आमच्या बाजूनं होता. अपंग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. मी आस्थापना विभागात गेलो. तिथला अधिकारी माझ्या ओळखीचा होता. त्यानं फाईल उघडली आणि म्हणाला, "सर्टिफिकेट बघू." नागपूरहून मिळालेलं प्रमाणपत्र मी पुढे केलं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. तात्पुरतं, पाच वर्षांसाठी. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती.

"म्हणजे दोन महिन्यांपूर्वी तिचा ऑटिझम संपला का?" मी विचारलं.

"तसं नाही हो. पण ऑडिटला काय दाखवू?"

मला तीन महिन्यांत गुवाहाटीला रुजू व्हायचं होतं. त्याआधी नवीन प्रमाणपत्र आणायचं होतं. मी एका सरकारी रुग्णालयात गेलो. खिडकीतल्या माणसानं कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, हे महाराष्ट्राचं आहे, नूतनीकरण तिथेच होईल. नागपूरला फोन केला. ते म्हणाले, तुम्ही राहता कुठे? कोलकात्यात? मग तिथेच करा. पुन्हा खिडकीपाशी. आता पत्त्याचा पुरावा हवा होता. आधार कार्डावर नागपूर. कंपनीचं पत्र आणलं तर ते ठरलेल्या नमुन्यात नव्हतं. नमुना कुठे मिळेल? तो संपला आहे, सोमवारी या.

तो माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर भांडता आलं असतं. तो अगदी माझ्यासारखा बोलत होता. 'कागदपत्रे अपूर्ण' हा शेरा मी दिवसातून कित्येकदा मारतो आणि मारताना माझ्या डोळ्यांसमोर माणूस नसतो, फक्त फाईल असते. त्या खिडकीच्या या बाजूला उभं राहून मला ते लख्ख दिसलं. दिसून उपयोग काही झाला नाही. सोमवारी मी पुन्हा रजा टाकली.

शेवटी अर्ज मिळाला. त्यासोबत पालकांनी भरायची पानं होती. संध्याकाळी मुलगी खिडकीत बसून खालच्या बस बघत होती आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी ती पानं भरत होतो. स्वतः कपडे घालता येतात का? धोका कळतो का? अनोळखी माणसाशी बोलते का? प्रत्येक ओळीपुढे एक रकाना, अडचण किती आहे ते सांगण्यासाठी. खाली एक मोकळी जागा होती, तिथे मुलाला काय जमत नाही ते थोडक्यात लिहायचं होतं.

बायकोनं दीदींची प्रगतीची वही शेजारी उघडून ठेवली होती. थोड्या वेळानं तिनं पेन टाकलं. "हिला जे येतं ते कुठे लिहायचं?"

मी पानं चाळली. तशी जागा नव्हती.

"नसणारच," ती म्हणाली. "तिला काय येत नाही ते लिहा. तीन वर्षं आपण रोज सकाळी उठून त्या रकान्यांतली एकेक ओळ पुसतोय, आणि आता मीच बसून त्या पुन्हा भरू?"

केंद्रातल्या दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला होता. तपासणीच्या दिवशी नीट कपडे घालू नका. आदल्या रात्री झोपू देऊ नका. उपाशी न्या, म्हणजे ती चिडेल आणि अपंगत्वाची टक्केवारी चांगली मिळेल. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी स्वतः तसं केलं होतं आणि सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती. मी हे घरी सांगितलं तेव्हा बायको माझ्यावरच भडकली, जणू मीच ते सुचवलं होतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर माझ्या मनात आलंही होतं.

आम्ही तिला पोटभर खाऊ घालून, तिचा आवडता पिवळा कुर्ता घालून नेलं. त्याआधी दीदींनी मला रुग्णालयात पाठवून फोटो काढायला लावले होते. फाटक, जिना, बाक, खोलीचं दार. त्यांची चित्रं करून पट्टीवर लावली, आणि शेवटचं चित्र मेट्रोचं. बेहालाची नवी मेट्रो तिला फार आवडते, कारण डबा बहुतेक वेळा रिकामा असतो. आठवडाभर ती पट्टी घेऊन आम्ही घरात तालीम केली.

फाटक झालं, जिना झाला. दोन्ही चित्रं पिशवीत गेली. मग बाक आला, आणि बाक संपेना. सकाळी नऊ ते दुपारी दीडपर्यंत आम्ही बाकावर होतो. डोक्यावरचा पंखा खडखडत होता, भोंग्यातून नंबर ओरडले जात होते. हेडफोन लावूनही ती दर पाच मिनिटांनी बाकाचं चित्र माझ्यासमोर धरून विचारायची, "संपलं?" आणि मी म्हणायचो, "थांब बाळा." साडेबारानंतर ती हेडफोनवर तळहात दाबून पुढे-मागे डोलायला लागली. मी दारावरच्या शिपायाला विनवलं, जरा आधी घ्या, तिला आवाज सहन होत नाही. तो बाकांकडे हात करून म्हणाला, "एखाने शोबाई ओई रकोम, दादा." इथे सगळेच तसे आहेत. मी वळून बघितलं. एक सत्तरीचे गृहस्थ पस्तिशीच्या मुलाचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. मी आपल्या जागेवर परत गेलो.

आत एका खोलीत दोन टेबलं होती आणि दोन्हीकडे तपासणी चालली होती. आमच्या टेबलाशी तिशीच्या आतली एक मानसशास्त्रज्ञ बाई होती. तिनं विचारलं, "बांग्ला, हिंदी की इंग्लिश?"

"मराठी," बायको म्हणाली.

"मराठीत मी कशी विचारणार? इथे येऊन किती वर्षं झाली?"

"चार."

"चार वर्षांत बंगाली ऐकलं असेलच की."

मी म्हणालो, "तुम्ही विचारा, मी मराठीत सांगतो."

"पालक नकळत उत्तर सुचवतात. तुम्ही दोघं मागे बसा, प्लीज."

तिनं बंगालीतच सुरुवात केली. नाक कुठे? नाक आम्हालाही नाकच, मुलीनं लगेच बोट ठेवलं. कान. हात. तेही दोन्हीकडे सारखेच. माझ्या जिवात जीव आला. मग तिनं 'चोख' विचारलं, म्हणजे डोळा. मुलगी नुसती बघत राहिली. कागदावर फुली पडली. मग तिनं विचारलं, "तोमार चूल कोथाय?"

बंगालीत चूल म्हणजे केस. मुलीनं वर बघितलं. मग खोलीभर बघितलं, कोपऱ्यांत, कपाटाकडे, वाकून टेबलाखालीसुद्धा. तिच्याकडे चित्रांचं एक मराठी पुस्तक आहे, त्यात एका पानावर चूल आहे, लाकडं आणि जाळ असलेली. ती आम्हाला नेहमी ते पान दाखवते आणि आम्ही सांगतो की आपल्याकडे चूल नाही. आता ती सरळ बसली आणि त्या अनोळखी बाईकडे बघून म्हणाली, "चूल नाही. गॅस आहे."

चार शब्द. दोन पूर्ण वाक्यं. माझ्या मुलीनं अनोळखी माणसाच्या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा दिलेलं उत्तर, आणि ते बरोबर होतं.

बाईनं फुली मारली.

मी उठलो. "तिनं बरोबर सांगितलंय. आमच्या भाषेत चूल म्हणजे स्वयंपाकाची चूल. तिनं शोधली, मग सांगितलं."

"सर, मला कळतंय. पण इथे उत्तर केस आहे. तुम्ही बसा."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हसलं. त्यांचं हसणं कदाचित आमच्याबद्दल नव्हतंही. पण मी टेबलावर हात आपटला आणि ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. भाषा शिका, म्हणालो. माणसं आहेत आम्ही, असंही काहीतरी. आठवतं ते एवढंच की वळून बघितलं तेव्हा मुलगी टेबलाखाली होती, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून किंचाळत होती, आणि बायको जमिनीवर गुडघे टेकून तिला बाहेर काढत होती. तपासणी तिथेच थांबली.

त्या दिवशी मेट्रो झालीच नाही. टॅक्सीत बायको म्हणाली, "तू ओरडायला नको होतंस."

"मग काय करायला हवं होतं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण तिनं मनगट चावलंय, बघ."

अहवाल आला. सहकार्य नाही. बौद्धिक अक्षमता तीव्र स्वरूपाची. मी तो आस्थापना विभागातल्या त्या ओळखीच्या अधिकाऱ्याला दाखवला तर त्याचा चेहरा उजळला. "साहेब, मग तुमचं काम झालंच की! यावर मेडिकल बोर्डाचा शिक्का आणा, बदली कोण करतंय बघू."

तो खरं बोलत होता. त्या खोट्या कागदावर आम्ही इथेच राहू शकलो असतो. मी घरी येऊन म्हणालो, घेऊन टाकू. बायको म्हणाली, नाही. जवळच्या एका शाळेत तिला रोज दोन तास बसू द्यावं म्हणून दीदींची बोलणी चालली होती, आणि हा कागद बघितल्यावर ती शाळा दारही उघडणार नाही. मी म्हणालो, शाळेचं नंतर बघू, आधी बदली टाळू. ती म्हणाली, 'नंतर' हा शब्द मी दहा वर्षं ऐकतेय. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मुलीच्या निमित्तानं बोललो. तिसऱ्या दिवशी मी दीदींना विचारलं. त्या एका मुलाचा शर्ट सरळ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दादा, बदली तुमच्या मागे तीन वर्षं राहील. कागद तिच्या मागे जन्मभर."

मी फेरतपासणीचा अर्ज केला. आधी तो स्वीकारायलाच कुणी तयार नव्हतं. अहवाल तुमच्या फायद्याचा आहे, मग तक्रार कशाची, असा खिडकीतल्या माणसाचा प्रश्न होता, आणि तो मनापासून विचारत होता. शेवटी दीदींनी विभागप्रमुखांना बंगालीत पत्र लिहिलं आणि स्वतः तीन वेळा जाऊन भेटल्या. केंद्र बंद झाल्यावर, बजबजची गाडी चुकवून. पालक नको असतील तर मी दुभाषी म्हणून बसते, मी तिची शिक्षिका आहे, असं त्यांनी मांडलं. परवानगी मिळेपर्यंत माझी रुजू व्हायची तारीख आली. माझ्या वरिष्ठांनी दोन महिने पुढे ढकलून दिली, पण फोनवर ऐकवलं, "प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच हो."

फेरतपासणीला तीच बाई होती. मी दारातच माफी मागितली. तिनं पंखा बंद केला आणि आम्हाला पहिल्या नंबरावर घेतलं. म्हणाली, "त्या दिवशी मी सकाळपासून जागेवरून उठले नव्हते. आम्ही दोघीच आहोत इथे. आमच्याकडे मराठीतली प्रश्नावली नाही, मागितली तरी कुठून येणार ते कुणी सांगत नाही." मला तिचा राग धरून ठेवायचा होता, तो धरता येईना. मग तो राग नेमका कुणावर ठेवायचा हे मला अजूनही कळलेलं नाही.

दीदींनी वही उघडली. "डोला कुठे?"

मुलीनं डोळ्यावर बोट ठेवलं आणि दीदींना दुरुस्त केलं, "डोळा."

"केश कुठे?"

तिनं स्वतःची वेणी ओढून दाखवली. बाई लिहिता लिहिता हसली. तासभर चाललं. सगळं काही आलं नाही. पैशांचे प्रश्न आले नाहीत, उद्या आणि परवा यांतला फरक आला नाही. पण जे आलं नाही ते खरोखरच येत नव्हतं.

अहवालात तीव्र जाऊन मध्यम आलं. प्रमाणपत्र हातात यायला आणखी सहा आठवडे लागले, कारण नावात एक अक्षर चुकलं होतं आणि ते दुरुस्त करायला पुन्हा तोच अर्ज, तीच खिडकी. हेही प्रमाणपत्र तात्पुरतंच, पाच वर्षांसाठी. बदलीला स्थगिती मिळाली, फक्त एका वर्षाची. दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा, असं पत्रात लिहिलं होतं. शाळेनं अजून होकार दिलेला नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मुख्याध्यापिका म्हणतात, बघू.

मधल्या काळात कोलकात्यातल्याच डमडमहून एका मराठी बाईंचा फोन आला होता. नवरा आयटीत, मुलगी चार वर्षांची. त्यांना कुणीतरी आमचा नंबर दिला होता. थेरपिस्टनं त्यांनाही घरात एकच भाषा ठेवायला सांगितलं होतं. बायको त्यांच्याशी तासभर बोलली आणि नंतर मला म्हणाली, "चार वर्षांत काही म्हणजे काही बदललं नाही." दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर त्या क्लिनिकमध्ये गेली. तिथे काय झालं ते तिनं सांगितलं नाही, पण डमडमच्या त्या बाई आता आपल्या मुलीशी मराठीतच बोलतात.

गेल्या आठवड्यात मी यंदाचा अर्ज द्यायला आस्थापना विभागात गेलो. ओळखीचा अधिकारी बदलून गेला आहे, त्याच्या जागी नवा आला आहे. त्यानं फाईल चाळली आणि सहानुभूतीनं विचारलं, "मुलगी अजून तशीच आहे का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तशीच कशी असेल? आता एकटी लिफ्टनं खाली जाऊन परत येते. परवा दुकानात जाऊन स्वतः बिस्किटं मागितली."

तो थांबला. पेनचं टोपण लावलं. "अरे वा," तो म्हणाला. "मग सूट कशासाठी हवीये?"

मी फाईल त्याच्याकडे वळवून प्रमाणपत्राच्या तारखेवर बोट ठेवलं. मग मी फक्त म्हणालो, "प्रमाणपत्राची मुदत अजून शिल्लक आहे. पोच द्या."

त्यानं शिक्का मारला. अर्ज वर पाठवतो, म्हणाला. अजून उत्तर आलेलं नाही.